डाव्या बाजूचे दोन टायर

सांगलीला परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काय नंदाताई, पानिपत पाहिलंत का?" मी म्हणते, पाहिलं की! पण लढाईची जागा नाही पाहिली. काला आंबचं स्मारक नाही, संग्रहालय नाही, काही नाही. मी पाहिलं ते पानिपतच्या अलीकडे हमरस्त्याला लागून असलेलं एक पत्र्याचं टायरचं दुकान, आणि तिथे मी चांगली पाच तास बसले. लोकांना वाटतं बाई चेष्टा करते. पोस्टात पस्तीस वर्षं काउंटरवर काढल्यामुळे माझी जीभ तिखट आहे हे खरं, पण ही चेष्टा नव्हे. काय झालं ते एकदा सगळं लिहूनच काढते, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

नोएडा, पहिला दिवस

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, केंद्र सरकारच्या नोकरीला लागून तरुणपणीच दिल्लीला गेला तो तिकडचाच झाला. आता बहात्तर वर्षांचा आहे. नोएडात एका सेक्टरात तिसऱ्या मजल्यावर तो आणि त्याची मुलगी केतकी राहतात. सुमनवहिनी चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून मी गेले नव्हते. तिच्याशिवाय ते घर कसं दिसेल याचीच धास्ती होती म्हणा ना.

केतकीने मला स्टेशनवरून आणायला कॅब ठरवली होती. पण बाहेर येते तर दादा स्वतः हजर, हातात किल्ली फिरवत. "कॅब कशाला? मी काय मेलोय?" म्हणाला. तीच पांढरी छोटी गाडी, अकरा वर्षांची, पण काचेसारखी लख्ख. गाडीत बसायच्या आधी त्याने चारही टायरांना प्रदक्षिणा घातली. मला वाटलं काहीतरी हरवलंय.

"हवा बघतोय," तो म्हणाला.

"सकाळी बघितली असशील की."

"सकाळी बघितली ती सकाळची."

आपल्याकडे लोक गाडीचा रंग बघतात, सीटकव्हर बघतात, पुढे गणपती कुठला लावलाय ते बघतात. दादा टायर बघतो. घरी पोचल्यावर मी बाल्कनीत चहा घेऊन उभी राहिले, तर हे महाशय अजून खाली उकिडवे बसलेले. एका हातात हवा मोजायचं ते छोटं यंत्र, दुसऱ्या हातात जुना दात घासायचा ब्रश. टायरच्या खाचांत अडकलेले खडे तो एकेक करून काढत होता. मला बघून वर ओरडला, "नंदे, अख्खी गाडी रस्त्याला कितीशी टेकते ठाऊक आहे? चार तळहातांएवढी! बाकी सगळं हवेवर!" शेजारच्या बाल्कनीतले सरदारजी हसले. त्यांना हे रोजचं असावं.

दादा वर यायच्या आत केतकीने मला स्वयंपाकघरात गाठलं. पोरगी चौतीसची झाली, मोठ्या कंपनीत आहे, पण मराठी बोलताना मध्येच अडखळते आणि हिंदीचा हात धरते.

"आत्या, मला तुझ्याशी सीरियस बोलायचंय. बाबांनी सहा महिन्यांत तीन वेळा गाडी ठोकली. मोठं काही नाही, पण सोसायटीचं गेट, मग ते... काय म्हणतात, गमला?"

"कुंडी."

"हां, कुंडी. चड्ढा आंटींची. आणि एकदा एक सायकलवाला. बिल्कुल थोडक्यात वाचला, यार. मी बोलले की भांडण होतं. म्हणतात, तू मला म्हातारा ठरवतेस. तुला ते पानिपतला नेणारच आहेत. गावाकडून आलेल्या प्रत्येकाला नेतात. तू बाजूला बस, नीट बघ, आणि परत आल्यावर मला खरं सांग. तू म्हणालीस चालवू दे, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. तू नाही म्हणालीस, तर मी किल्ली घेणार. तुझं ते ऐकतील."

झालं! म्हणजे भावाच्या गाडीत बसायचं, भावाच्या हातचे पराठे खायचे आणि भावाचीच चुगली करायची. मी तिला म्हटलं, "अगं, मला स्कूटरपलीकडे काही चालवता येत नाही, मी काय परीक्षा घेणार?" पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आत्या, आई गेली. आता बाबांना काही झालं तर?" मग मी हो म्हटलं.

हो म्हटलं खरं, पण दिवसभर मनाला पटेना. कारण ती गाडी म्हणजे काय ते मला दिसत होतं. चड्ढाबाईंच्या यजमानांना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात नेतो कोण? दादा. महाराष्ट्र मंडळाची गणपतीची मूर्ती आणतो कोण? दादा. वहिनी गेल्यावर माणूस घरात बसून खचला असता, तो त्या गाडीमुळे उभा होता. किल्ली काढून घेतली तर त्याने दिवसभर करायचं काय?

दिल्ली, दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी दादाने मला दिल्ली दाखवली, म्हणजे साबुदाणावडा खायला नेलं. कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याचं जुनं अतिथिगृह आहे. दिल्लीतल्या मराठी माणसाला घरची फार आठवण आली की तो तिथे जातो, असं दादा सांगतो. वडा बरा होता, चटणी गोड होती. तिथला वाढपी दादाला नावाने ओळखत होता. "आज मॅडम नाहीत?" असं त्याने विचारलं नाही, याचा अर्थ त्यालाही ठाऊक होतं. दादाने दोन प्लेटी मागवल्या आणि सवयीने वहिनीची तिसरीही मागवून बसला. मग आम्ही दोघांनी ती संपवली.

परत निघताना वळणावर खालून घर्रर्र आवाज आला. डावीकडचा टायर फुटपाथच्या कडेला घासला होता. मी दचकून दादाकडे पाहिलं.

"इथले फुटपाथ उंच करून ठेवलेत लेकाच्यांनी," दादा म्हणाला.

खरं सांगायचं तर मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. केतकीला सांगायचं, छान चालवतो, निर्धास्त राहा. एवढ्यातेवढ्यावरून माणसाचा जीव का घ्यायचा? एक टायर घासला तर घासला.

पानिपतच्या वाटेवर, तिसरा दिवस

सकाळी सहाला निघालो. दिल्ली मागे पडली आणि रस्ता रुंद, सरळ झाला. दोन्हीकडे गव्हाची शेतं, मध्येच वीटभट्ट्यांची धुराडी. मुरथलच्या ढाब्यावर पराठे खाल्ले. आपल्याकडे पराठ्यावर लोणी म्हणजे चमचाभर. इथे लिंबाएवढा गोळा ठेवतात, आणि संपला की न विचारता दुसरा ठेवतात! मी वाढप्याला हात आडवा केला तर तो दुखावला. दादा म्हणाला, "इथे नाही म्हणायचं नसतं. खा, आणि गाडीत झोप."

पण मी झोपले नाही. परीक्षक ना मी! दादा पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून, आरसे बघत, सत्तरच्या वर काटा न नेता चालवत होता. तोंडाने पानिपतची लढाई चालू होती, कुठल्या सरदाराची फौज कुठे होती वगैरे. पाहुण्यांना सांगून सांगून त्याचं पाठ झालं आहे.

समालखा गाव मागे टाकलं आणि फाट्कन मोठा आवाज झाला. गाडी डावीकडे ओढली गेली. मी किंचाळले. दादाने मात्र ब्रेकला पायही लावला नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, गाडी सरळ ठेवली, वेग आपोआप उतरू दिला आणि हळूहळू कडेला आणून उभी केली. मागून ट्रक भोंगा वाजवत गेला.

"घाबरलीस?" तो म्हणाला. "टायर फुटला की ब्रेक मारायचा नसतो, नंदे. मारला की गाडी उलटते."

मी मनात म्हटलं, बास, झाली परीक्षा! याच्याइतका चांगला ड्रायव्हर शोधून सापडायचा नाही. केतकीला हेच सांगायचं, आणि आता ते खोटंही नव्हतं.

पुढचा डावा टायर बाजूने फाटून त्याच्या चिंध्या लोंबत होत्या. "काही हरकत नाही," दादा ऐटीत म्हणाला, "स्टेपनी एकदम नवी कोरी आहे." डिकी उघडली. वरच्या छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, मंडळाचं बॅनर, सतरंजी, सगळं रस्त्याकडेला मांडलं. खालून स्टेपनी निघाली, आणि खरोखरच नवी कोरी. कारखान्यातून येताना टायरवर ते बारीक रबरी केस असतात ना, तेसुद्धा शाबूत. वर हळदीकुंकवाची बोटं, एकावर एक, वाळून गेलेली.

"दर दसऱ्याला पूजा करतो," दादा म्हणाला. "एकदाही वापरली नाही. जपून ठेवली."

आता हे आमच्या घराण्याचं आहे. आईने चांगले कप पाहुण्यांसाठी जपले, ते तसेच जपलेले राहिले आणि आई गेली. माझ्या कपाटात तीन साड्या आहेत, त्यांची घडी मोडलेली नाही. चांगलं आहे ना, मग राहू दे, वेळेला होईल! दादाने चारही टायरांची हवा रोज बघितली, पण डिकीतली नवी म्हणून तिची हवा अकरा वर्षांत एकदाही बघितली नाही. दसऱ्याला फूल वाहिलं, हवा कधी भरली नाही.

बहात्तराव्या वर्षी त्याने जॅक लावला, पाना फिरवला, चाक बदललं. मला फक्त नटबोल्ट धरायला दिले. मग जॅक उतरवला, आणि गाडी जी खाली बसली ती बसलीच. स्टेपनी पोळीसारखी चपटी झाली.

मला इतकं हसू आलं की मी सतरंजीवर बसूनच घेतलं. दादा आधी चिडला, मग तोही हसला. दोघं म्हातारी भावंडं हमरस्त्याच्या कडेला पोट धरून हसतोय. पलीकडे सर्व्हिस रोडवर शंभरेक पावलांवर टायर रचलेले दिसत होते. गोगलगायीच्या चालीने आम्ही गाडी तिथवर नेली.

सतबीरचं दुकान

दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, पुढे कडुलिंबाचं झाड, त्याखाली बाज. मालकाचं नाव सतबीर, पन्नाशी उलटलेला, उंचापुरा, तळवे काळेभोर. बोलणं हरियाणवी थाटाचं. प्रत्येक वाक्यात दादाला "ताऊजी", म्हणजे थोरले काका. त्याने आम्हाला आधी बाजेवर बसवलं, पाणी दिलं, मगच गाडीकडे पाहिलं. आपल्याकडे आधी "काय झालंय?" विचारतात.

स्टेपनीत हवा भरून त्याने ती साबणाच्या पाण्याच्या टबात फिरवली. सगळीकडून बुडबुडे. रबराला बारीक भेगाच भेगा पडल्या होत्या.

"ताऊजी, ये तो कुँआरी बैठे-बैठे बुढ़िया हो गई," सतबीर म्हणाला.

दादाला ठसका लागला. मी लग्न केलेलं नाही, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत! मी म्हटलं, "भाईसाहब, हवा अपनी अपनी होती है. मेरी अभी बाकी है." त्याला क्षणभर कळलं नाही. दादाने मान डोलावली तेव्हा कळलं आणि त्याने दोन्ही कान पकडले. मग आमची दोस्तीच झाली.

नवा टायर घालायचा ठरलं. सतबीरने घालायच्या आधी बाकीचे तीन बघितले, आणि त्याची बघायची रीत मला फार आवडली. तो डोळे मिटून तळहात टायरवरून फिरवायचा, आमची आजी तान्ह्या मुलाच्या पाठीवरून फिरवायची तसा. टायर मधोमध झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला असेल तर हवा कमी, एकाच कडेला झिजला असेल तर चाक वाकडं, असं तो मला समजावून सांगत होता.

"ताऊजी, ऐसी बराबर घिसाई मैंने कम देखी है," तो म्हणाला. "हवा रोज देखते हो?"

दादाची छाती फुगली. "रोज," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे ऐकलंस ना?

मग सतबीर डाव्या बाजूला गेला. मागच्या टायरची बाहेरची बाजू चाचपली. फुटलेला टायर उचलून आणला, तीच बाजू चाचपली. पुन्हा उजवीकडे जाऊन आला. उभा राहिला, हात पुसले आणि जरा बिचकतच म्हणाला, "ताऊजी, बुरा मत मानना. आपको बाईं तरफ कम दीखता है?"

"म्हणजे?" दादा मराठीतच म्हणाला.

सतबीरने मला हात धरून तिकडे नेलं आणि दाखवलं. उजवीकडचे टायर बाजूने गुळगुळीत. डावीकडच्या दोघांची बाहेरची बाजू मात्र किसणीने किसल्यासारखी, चक्राकार, जुन्या ओरखड्यांवर नवे ओरखडे. एकदा घासला तर चूक, म्हणाला. रस्ता खराब असेल तर दोन्हीकडे घासेल. एकाच बाजूचे पुढचा मागचा दोन्ही असे घासत असतील, तर माणसाला ती कड दिसतच नाहीये.

दादा भडकला. असा मी त्याला क्वचित पाहिला आहे. नोएडाचे फुटपाथ, दिल्लीचे फुटपाथ, मुन्सिपाल्टी, सगळ्यांचा उद्धार झाला. "आणि तुम्हाला टायर खपवायचेत," असंही म्हणाला. "कसला विश्वास ठेवायचा माणसावर? विश्वास तर गेला पानिपतात!" मला त्याची लाज वाटली, आणि कीवही आली.

सतबीरला मराठी कळलं नाही, पण राग कळला. तो रागावला नाही. खाली बसला आणि त्याने सांगितलं की त्याच्या थोरल्या भावाचा ट्रक होता. "उसके टायर मैं ही बदलता था. हर बार बाईं तरफ के. मैं उसे गाली देता था, कि देखके नहीं चलाता. मुझे क्या पता था." भावाला काला मोतिया होता. दुखत नाही, खुपत नाही, एकेका बाजूने नजर गुपचूप कमी होत जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता. तो भाऊ आता घरी असतो, काठी घेऊन चालतो. "ताऊजी, टायर मत लो मेरे से. आँख दिखा लो."

काला मोतिया म्हणजे आपला काचबिंदू. आमचे आण्णा, म्हणजे वडील, शेवटच्या वर्षांत भिंत चाचपत चालायचे, दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं. डॉक्टरकडे कोणी नेलंच नाही.

मी दादाच्या पुढे सात-आठ हातांवर उभी होते, कडुलिंबाच्या खोडाजवळ. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि झाडाच्या शेंड्याकडे बघत राहिला. बराच वेळ.

"नंदे," तो म्हणाला, "हलू नकोस. कुठे गेलीस?"

मी हलले नव्हते. मी होते तिथेच उभी होते.

"इथेच आहे रे दादा," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

त्याने हात काढला. मी दिसले असणार, कारण तो थोडा हसला. मग बाजेवर येऊन बसला आणि म्हणाला, "सुमन तिथे बसायची ना, बाजूला, ती सारखी म्हणायची. अहो, कड आली. अहो, सायकल. अहो, कुत्रं. मी खेकसायचो तिच्यावर. गाडी तू चालवतेस का मी, म्हणून." मग म्हणाला, "डावीकडचं तीच बघत होती गं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सतबीर उठून आत गेला आणि चहा ठेवायला लागला.

माझ्यापुढे आता मोठाच पेच होता. संध्याकाळी केतकी विचारणार. छान चालवतो म्हणायचं ठरलं होतं, ते आता कुठल्या तोंडाने म्हणू? आणि नाही म्हणायचं तर दादाच्या माघारी, स्वयंपाकघरात, कुजबुजत? मी त्याला सगळं सांगून टाकलं. केतकीने काय विचारलंय, मी काय ठरवलं होतं, सगळं. म्हटलं, चुगली तर चुगली, तोंडावर करते.

"मला ठाऊक होतं," दादा म्हणाला. "तू पराठा सोडून रस्त्याकडे बघत होतीस, तेव्हाच कळलं. तू आणि खाणं सोडणार?"

मग त्याने खिशातून फोन काढला. "तुला काही सांगावं लागणार नाही," म्हणाला. "मीच सांगतो." आणि लावला. "केतू, पानिपतच्या अलीकडे ये. गाडी घेऊन जायला. हां हां, टायर फुटला, पण मिळालाय दुसरा. गाडी ठीक आहे. मीच ठीक नाहीये. मला चालवायची नाही." पलीकडून ती काय म्हणाली कळलं नाही. दादा म्हणाला, "नाही, आत्याने काही सांगितलं नाही. मला दिसत नाहीये, बाळ."

केतकीला यायला तीन तास लागले. तोवर सतबीरच्या बायकोने घरून बाजरीची भाकरी, सरसोंची भाजी आणि ताक पाठवलं. भाकरी आपल्यापेक्षा जाड, पण वर लोणी पुन्हा तेवढंच! पानिपतला पुढे जायचं का, असं सतबीरने विचारलं, काला आंब इथून जवळच आहे, तो मोटारसायकलवर सोडेल म्हणाला. मी नको म्हटलं. दादाला तिथे एकटा सोडून मला कुठलीच लढाई बघायची नव्हती. डावीकडचे दोन्ही टायर सतबीरने नवे घातले. नव्या टायरला आपण नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. त्याच्याकडे गुळाचा खडा वाटतात. माझ्या पर्समध्ये कुंकवाची पुडी होती, त्यातलं बोटभर मी टायरांना लावलं. दादाने पहिल्यांदाच हवा तपासली नाही.

केतकी कॅबमधून उतरली ती धावतच आली आणि बापाच्या गळ्यात पडली. भांडायला आली असती तर बरं, इतकी ती रडली. दादाने किल्ली तिच्या हातात ठेवली, आणि वर दटावलं, "रडणं आवर. रस्ता नीट दिसत नाही." सतबीरचे दादाने दोन्ही हात हातात घेतले. माफी मागायला त्याला शब्द सुचेना, म्हणून नुसतेच धरून राहिला.

नोएडा, पाचवा दिवस

डोळ्यांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. एका डब्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. दादाच्या डाव्या डोळ्याच्या तपासणीच्या वेळी मी शेजारी उभी होते. बटणाचा आवाज येईना, येईना. कागद बाहेर आला तो अर्ध्याहून जास्त काळा. काचबिंदूच. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी सांभाळता येईल, उजवा डोळा अजून बराच शाबूत आहे, पण गाडी आता बंद, असं बाईंनी हळुवारपणे पण स्पष्ट सांगितलं.

केतकी माझ्या दंडाला घट्ट धरून बसली होती. दादा शांत होता. त्याने मान हलवली, "बरं" म्हणाला, चष्म्याची केस मिटली. टायर फुटला तेव्हा होता तसाच शांत.

मग डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होता का? दादाने आण्णांचं सांगितलं. बाई म्हणाल्या, हे घराण्यात येतं, सख्ख्या भावंडांनी तर तपासून घ्यायलाच हवं, तुमचं कुणी भावंड आहे का?

दादा खुर्चीवरून उठलाच. इतका वेळ शांत असलेला माणूस, त्याचा आवाज कापायला लागला. "ही आहे," म्हणाला. "हिचं बघा. आत्ता बघा. माझं राहू द्या, आधी हिचं बघा." आणि मला खांद्यांना धरून त्याने त्या यंत्रासमोर बसवलं. त्याच्या फायलीचे कागद जमिनीवर सांडले, ते त्याने उचललेसुद्धा नाहीत.

मला ठिपके दिसत होते. दाबत होते. मध्येच वाटायचं, बराच वेळ झाला, एकही आला नाही. दोन्ही डोळ्यांचं झालं. दादा दाराशी उभा राहून माझ्याकडे न बघता बाईंच्या तोंडाकडे बघत होता. बाईंनी आणखी काय काय तपासलं आणि म्हणाल्या, यांनाही आहे, पण अगदी सुरुवात आहे. आजपासून थेंब घातले तर नजर बहुधा जाणार नाही, आयुष्यभर सांभाळता येईल. बरं झालं वेळेवर आणलंत.

दादा बाकावर बसला आणि ढसाढसा रडला. स्वतःचा डोळा गेल्याचं कळलं तेव्हा रडला नव्हता. केतकी आणि मी त्याच्या दोन्ही बाजूंना बसलो. त्याने माझा हात हातात घेतला, दुसऱ्या हाताने डोळे पुसले आणि म्हणाला, "वाचलीस गं, नंदे. माझी गाडी सत्कारणी लागली."